खाल्लेली भातुकली

तुम्ही खोटं बोललात.

माझ्या लेकीच्या तोंडात प्रकाशाची सुई घातलीत, तिच्या पुढच्या दातावरचा डोळ्याला दिसणार नाही एवढा कण उडवलात, आणि पडद्यावर उमटलेल्या एका रेघेकडे बोट दाखवून मला सांगितलंत की हे मूल मी पोटात वाढवलेलं नाही. तुम्ही म्हणजे नेमकं कोण, ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्या उत्तराखाली सही नसते, शिक्का असतो. फोनवर माणूस नसतो, आवाज असतो. खिडकीमागचा प्रत्येक जण वर बोट करतो आणि म्हणतो, "वरून ठरतं, ताई." वर पत्रा आहे. मी बघितलं. पत्र्यावर कावळे आहेत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्यापर्यंत पोचेलच.

मी हर्षदा कुंभार. गाव सोनगिरे, कोयनेच्या खोऱ्यातलं. शिक्षण आयटीआय, फिटर. बाकीचं जे काही येतं ते वाचून आणि टक्केटोणपे खाऊन आलंय. मी आत्ता बंदरावरच्या थांबाघरात बसलेय. इथे फरशीवर एक पिवळी पट्टी ओढलेली आहे. पट्टीपलीकडे माझा देश सुरू होतो. मी पाहिजे तेव्हा पलीकडे जाऊ शकते, मला कुणी अडवत नाही. माझी मुलगी जुई जाऊ शकत नाही. ती आत्ता त्या पट्टीवर फतकल मारून तिचा रंग नखानं खरवडतेय, आणि मी तिला थांबवत नाहीये.

जुईचा जन्म तरंगत्यावर झाला. किनाऱ्यापासून लांब, खोल समुद्रात, पोलादी तराफे एकमेकांना जोडून केलेलं शहर. आम्ही कामगार त्याला नुसतं तरंगतं म्हणायचो. ऊन आणि वारा धरून तिथे समुद्राच्या पाण्यापासून जहाजांचं इंधन करतात. मी पाण्याच्या विभागात होते. समुद्राचं पाणी गाळायचं, इतकं गाळायचं की त्यात पाण्याशिवाय काही उरत नाही, आणि मग प्यायच्या पाण्यात मोजून क्षार परत टाकायचे. त्या पाण्याला चव नव्हती. कुणाची तरी आठवण काढावी आणि चेहराच येऊ नये, तसं ते पाणी.

आणि माती नव्हती. कुठेच. भाज्या धुक्यात वाढायच्या. मुळं हवेत लोंबायची, पांढरी, म्हाताऱ्यांच्या दाढ्यांसारखी. नवा माणूस आला की त्याच्या बुटांच्या खाचांतली माती ब्रशनं काढून जाळून टाकायचे, कारण मातीतून बुरशी येते आणि बुरशी आली की सगळं शहर उपाशी. पहिल्या दिवशी माझे बूट घासताना सोनगिऱ्याची चिमूटभर काळी माती त्या ट्रेमध्ये पडली. मी ती जळताना बघितली. तेव्हा काही वाटलं नाही. नंतर स्वप्नं पडायला लागली.

तरंगत्यावर सगळ्यांनाच जमिनीची स्वप्नं पडायची. जेवणाच्या हॉलमध्ये सकाळी लोक एकमेकांना स्वप्नं सांगायचे, जशी गावाकडे पावसापाण्याची चौकशी करतात. कुणी नांगरट बघितलेली, कुणी नुसता धुळीचा रस्ता. इस्माईलचं स्वप्न मात्र उलटं असायचं. त्याचं बेट समुद्रानं घेतलं होतं. तो झोपेत आपल्या गल्लीतून चालायचा आणि शिंप्याच्या दुकानासमोरून मासे जायचे, शांतपणे, बाजाराला निघाल्यासारखे. शिंपी आत बसून पाण्यातच मशीन चालवायचा. धागा वर तरंगायचा.

इस्माईल माझा नवरा. क्रेन चालवायचा. मराठी माझ्याकडून शिकला, त्यामुळे स्वतःबद्दल बोलताना "मी आले", "मी जेवले" असं म्हणायचा. सगळा हॉल हसायचा. मी कधी सुधारलं नाही. मला ते आवडायचं. त्याच्याजवळ पासपोर्ट होता, पण तो देणारं सरकार आता दुसऱ्याच देशातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसत होतं, आणि एके दिवशी त्या मजल्यालाही कुलूप लागलं. झेंडा कुठे ठेवायचा यावरून त्यांच्यात भांडण झालं, असं त्यानं ऐकलं होतं.

हे सगळं का सांगतेय, तर तरंगत्यावर ज्या देशाचा झेंडा फडकतो, तो देश तिथे जन्मलेल्या पोराला काही देत नाही. पोराला बापाकडून देश मिळतो, नाहीतर आईकडून. बापाचा बुडालेला. राहिले मी. आपला कायदा जुना आणि सरळ आहे: आई किंवा बाप नागरिक असेल, तर परदेशात जन्मलेलं मूलही नागरिक. नोंद करायची, बस. मला दिवस गेले तेव्हा मी इस्माईलला म्हटलं, "काळजी नको. माझ्याकडे आहे तेवढा देश मला आणि बाळाला पुरेल."

"आणि मला?" तो म्हणाला.

"तुला जावई म्हणून घेऊ. आमच्याकडे जावयाला कुणी कागद विचारत नाही."

चौथा महिना लागला आणि मला डोहाळे लागले. मातीचे.

चिंच-कैरी नाही, गोड नाही, काही नाही. माती. भाजलेली माती, आव्यातून नुकती काढलेली, गरम राखेचा वास असलेली. आमचं घर कुंभाराचं. आवा म्हणजे आमची भट्टी. आई तो लावायची तेव्हा मी लहानपणी फुटक्या मडक्याचा तुकडा चघळत बसायची. सोनगिऱ्यात पोटुशी बाई आमच्या दारात आली की न बोलता आई खापराचा तुकडा काढून तिच्या हातावर ठेवायची. त्यात लाजायचं काही नव्हतं. तरंगत्यावरच्या डॉक्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्या. मी त्या घेतल्या. पण गोळीनं डोहाळे जात नाहीत. पंपाच्या खोलीत उभी असताना मला भिंतीतून धूर येताना दिसायचा, आव्याचा, निळसर; मी हात लावायची तर पोलाद. थंड. ओलं.

आईला फोन केला.

"आई, माती पायजे गं."

"आगं मग खा की."

"इथं न्हाई माती."

आई म्हणाली, "न्हाई म्हंजी? अंगणात बी न्हाई?"

"अंगणच न्हाई."

"आन् मानसं राहत्यात व्हय तिथं?" तिनं फोन बाजूला धरून कुणाला तरी सांगितलं, "ही बघा, म्हनं माती नसलेलं गाव." मग परत मला, "थांब. बघते मी."

माती पाठवायला बंदी होती. आईनं भातुकली पाठवली. तळहातावर मावेल एवढी चूल, चुलीला वैलसुद्धा, म्हणजे बाजूचं छोटं तोंड. मडकं, झाकणी, घागर, रांजण, उखळ, तवा, परळ नावाची पसरट थाळी. "नातवंडाला खेळायला" अशी वर चिठ्ठी. तपासणारा माणूस केरळचा होता. त्यानं एकेक भांडं दिव्याखाली फिरवून बघितलं आणि म्हणाला, "भाजलेलं आहे. जिवंत काही नाही यात. घेऊन जा."

जिवंत काही नाही. मी खोलीत आले आणि उभ्याउभ्याच झाकणी खाल्ली.

कच्चंच भाजलं होतं तिनं, दाताखाली भुगा होईल एवढंच. जिभेवर पहिल्यांदा कोरडं, मग थंड, मग नदीकाठ. खोटं सांगत नाही. डोळे मिटले की पावलाखाली गाळ मऊ व्हायचा, म्हशी पाण्यातून निघताना जो आवाज होतो तो यायचा, आणि पोटातली पोर वळायची. रोज थोडं थोडं. इस्माईल शिफ्टवरून आला की दारातूनच विचारायचा.

"आज काय जेवली?"

"रांजण."

"अख्खा?"

"काठ राहिलाय. तुला पाहिजे?"

त्यानं एकदा जिभेला लावून बघितला. मग म्हणाला, "आमच्याकडे अशी नव्हती. आमची वाळू होती, पांढरी. चव विसरले मी."

आईला मी सांगितलं तेव्हा ती खो खो हसली. "मेले, खेळायला धाडली हुती! खाल्लीस व्हय समदी? बरं झालं लीद न्हाई घातली. नुसती राख हाय त्यात." आणि दुसरी भातुकली पाठवली, मग तिसरी. जुई जन्मली तेव्हा सगळ्यांतली मिळून एक चूल उरली होती. बाळंत झाले आणि डोहाळे गेले, एखादं पाखरू उडून जावं तसे. चूल मी खिडकीत ठेवली. खिडकीबाहेर समुद्र, समुद्रापुढे समुद्र.

आता दाताबद्दल सांगते, कारण तुमचा सगळा धंदा दातावर उभा आहे.

एक काळ होता, कागद दाखवला की झालं. मग कागद खोटे पडले. मग फोटो, मग चालती-बोलती चित्रं, आवाज, दवाखान्यातल्या नोंदी. यंत्रं सगळंच इतकं हुबेहूब करायला लागली की खऱ्या बाळंतपणाचं चित्रण आणि बनवलेलं चित्रण यांत फरक उरला नाही. दलाल जन्म विकायला लागले. भाड्यानं कूस घ्यायची, मूल इथून तिथे पळवायचं, आणि परदेशात आपल्याच पोटी जन्मलं असं दाखवायचं. ते थांबायला हवं होतं, हे मलाही मान्य. तेव्हा तुम्हाला दात सापडला.

कल्पना सुंदर आहे, ते मी नाकारत नाही. दुधाच्या दाताचं कवच आईच्या पोटातच घडायला लागतं, रोज एक पापुद्रा, आणि एकदा घडलं की ते जन्मात बदलत नाही. हाड झिजतं, नवं होतं. कवच तसंच राहतं. ते बनतं कॅल्शियमचं, पण कॅल्शियमच्या रांगेत त्याचा एक भाऊबंद घुसतो, स्ट्रॉन्शियम नावाचा. हा येतो खडकातून. खडकाची माती होते, मातीतून पाण्यात, धान्यात, आईच्या रक्तात, आणि तिथून बाळाच्या दातात. यात हलका आणि जड असे प्रकार असतात. त्यांचं प्रमाण खडक किती जुना आणि कसला यावर ठरतं, म्हणून सह्याद्रीच्या काळ्या कातळाचं वेगळं, समुद्राचं वेगळं. आणि जन्माच्या धक्क्यानं कवचात एक बारीक रेघ उमटते. रेघेच्या आतले पापुद्रे आईच्या पोटातले, बाहेरचे जन्मानंतरचे. तुमचं यंत्र ती रेघ शोधतं आणि दोन्ही बाजू वाचतं. मूल कुठल्या मातीवर वाढलं, जन्मलं तेव्हा आई कुठे होती, सगळं दातावर. लाच घेत नाही दात. असं तुम्ही जाहिरातीत म्हणता.

म्हणून जुईला दात आल्यावर तुमच्या खात्याच्या कारखानीसबाई यंत्राची पेटी घेऊन तरंगत्यावर आल्या. चाळिशीच्या, समुद्र लागलेल्या, सारखं लिंबू हुंगणाऱ्या. जुईनं त्यांचं बोट चावलं. त्या हसल्या. "दात छान आहेत हो," म्हणाल्या. मग पडद्याकडे बघितलं आणि हसू गेलं.

"हर्षदाताई, गरोदरपणात तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. पंपावर. हजेरी आहे."

"हजेरी यंत्रंही लिहितात." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. रेघेच्या बाहेरचे पापुद्रे निळे होते, समुद्राचे. आतले सगळे तांबूस. "हा सह्याद्री आहे. तोही मोघम नाही. कोयनेचं खोरं. आणि बदल बघा कुठे होतो. अगदी जन्मरेषेवर. मूल तिथे वाढलं, आणि जन्मल्याबरोबर समुद्रावर आलं."

मला आधी आनंद झाला. मूर्खासारखा आनंद. मी म्हटलं, "म्हणजे लागली! माती लागली तिला!" आणि मी त्यांना भातुकलीची सगळी गोष्ट सांगितली.

मागे उभा असलेला त्यांचा सहायक फिसकन हसला. "म्हणजे ताई, तुम्ही खरोखर माती खाल्लीत?"

"हो. आणि पोट भरून," मी म्हटलं. "तुमच्या आईला विचारा, तिनंही खाल्ली असेल."

कारखानीसबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमचं रक्त आणि हिचं रक्त जुळतं. बीज तुमचं आहे, त्यात वाद नाही. पण कायद्यानं आई म्हणजे जिनं पोटात वाढवलं ती. दात म्हणतो, ती बाई सोनगिऱ्याच्या आसपास होती."

"माझ्या पोटावर टाके आहेत. बघा."

"टाके कुठलं मूल ते सांगत नाहीत."

मी खिडकीतली चूल आणून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, फिरवली, आणि माझ्याकडे न बघता वैलाचा तुकडा मोडून यंत्रात घातला. पडदा तांबूस झाला. जुईच्या दातासारखाच, तंतोतंत. ज्या शहरात पाण्यात आणि अन्नात खडकाचा अंशही नाही, तिथे मूठभर खापरानं बाळाचा सगळा दात रंगवला होता. सहायकाचं तोंड उघडं राहिलं.

"झालं ना मग?" मी म्हटलं.

"माझ्यापुरतं झालं," बाई हळू म्हणाल्या. "मी वर कळवते."

वरून उत्तर आलं. तुमचं उत्तर. त्यात चुलीचा उल्लेखसुद्धा नव्हता. त्यात दोन वाटा होत्या. पहिली: मूल भाड्याच्या कुशीतून सोनगिरे परिसरात जन्मलं असं मी मान्य करायचं. मग जुई जन्मानंच नागरिक, आजच्या आज. मात्र तिला पोटात वाहणारी आई सापडेपर्यंत ती बालगृहात, आणि माझा तिच्यावर हक्क नाही. दुसरी: मी माझं म्हणणं धरून ठेवायचं. मग जुई परदेशात जन्मलेली, पण दात माझ्याविरुद्ध, म्हणून नोंद नाही, देश नाही. पोर देशाला द्या नाहीतर देशाविना ठेवा. निवडा.

मी कारखानीसबाईंना विचारलं, "चूल का नाही बघितली त्यांनी?"

त्यांनी लिंबू खिशात ठेवलं. "बघितली असती तर मान्य करावं लागलं असतं की आईनं काय खाल्लं यावर दात फिरू शकतो. मग आजवर दात बघून परत पाठवलेली सगळी पोरं पुन्हा बोलवावी लागली असती. तुम्हाला वाटतं ते बोलावतील?" जाताना त्या जुईच्या गालाला हात लावायला वाकल्या, पण लावला नाही.

दरम्यान सोनगिऱ्यात आईच्या दारात पोलीस गेले. वाहणारी बाई शोधायला. आईनं मला फोनवर सांगितलं. "मला म्हन्त्यात, तुमच्या परड्यात कोन बाळंत झाली? म्हटलं, शेळी. दोन करडं हायत. न्या तिला, आन् घ्या सही तिची." ती हसली, पण हसता हसता खोकला आला आणि मग म्हणाली, "हर्षे, माझ्या चुलीनं झालं का गं ह्ये?"

"न्हाई आई. तुझ्या चुलीनं फक्त पोरीचे दात झालेत."

इस्माईलशी मात्र भांडण झालं. तो म्हणाला, सही कर.

"वेडा झालास?"

"पाय टेकायला जागा मिळेल तिला. मला विचार, जागा नसली की काय असतं."

"आणि आई?"

"आई तू आहेसच."

"कागदावर नाही."

"मी पण कागदावर नाही," तो म्हणाला. "तरी मी आहे ना? की नाही?"

जुई आमच्या मध्ये बसून मोडक्या चुलीत चमचा खुपसत होती. मी म्हटलं, "तुझा देश समुद्रानं नेला. समुद्राशी भांडता येत नाही. माझी पोर माणसं नेतायत. मी सही केली तर ती मोठी होऊन वाचेल की तिची आई कुणी दुसरीच होती, आणि ती कधी सापडलीच नाही. ती आयुष्यभर एका नसलेल्या बाईला शोधेल. तू झोपेत तुझी गल्ली शोधतोस तशी. पाण्यात."

त्यानं चेहरा फिरवला. मग जुईला उचललं आणि म्हणाला, "बरं. तू भांड. मी इथून हाक मारली तर ऐकू येईल का तुला?"

मी म्हटलं, येईल.

माझा करार संपला. कंपनीनं मुलीसकट मला बोटीवर बसवलं; इस्माईलला कुठलाच किनारा घेत नव्हता, तो क्रेनच्या टोकावर चढून उभा राहिला. तो बारीक होत गेला, मग रेघ, मग नुसती क्रेन, मग नुसतं ऊन. जुई त्या दिशेनं बराच वेळ हात हलवत होती. अजूनही समुद्र दिसला की हलवते.

आणि हे थांबाघर. तुमच्या अधिकाऱ्यांनी पट्टी दाखवली, खाट दाखवली. सही केली की पोर पलीकडे आणि मी मोकळी; नाही केली तर राहा बसून. बसले. इथला कूलर बंद होता, तो मी उघडून दुरुस्त केला, म्हणून पहारेकरी चहा देतात. इथलं पाणीही समुद्राचंच, गाळलेलं. चव ओळखीची आहे.

दर आठवड्याच्या बाजारादिवशी आई भांडी विकायला न जाता इकडे येते, एसटीनं, अख्खा दिवस मोडून. पट्टीपलीकडे फरशीवर मांडी घालते. पहिल्या वेळी जुई तिच्याकडे धावली आणि पहारेकऱ्यानं, तावडे त्याचं नाव, तिला हवेतच झेलून परत माझ्याकडे आणलं. त्याला घाम फुटला होता. "माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, आजी," तो म्हणाला.

"तुझ्या नोकरीला मी काय केलं रं?" आई म्हणाली. "पोरीला खेळनं तर देऊ दे."

खेळणं द्यायला बंदी नाही. तावडेनं पिशवी यंत्रात घातली, पडद्याकडे बघितलं. "भाजलेली माती. चालेल," म्हणाला आणि पट्टीवरून इकडे सरकवली. चूल, मडकं, घागर, रांजण. मी वास घेतला आणि मला कळलं: कच्चीच भाजलेली.

जुईनं घागर बघितली, फिरवली. आणि तोंडात घातली.

मी हात पुढे केला, काढून घ्यायला. तेवढ्यात आई पट्टीपलीकडून म्हणाली, "ऱ्हाऊ दे." माझ्याकडे बघत होती ती. तिला यंत्रातलं काही कळत नाही, स्ट्रॉन्शियम म्हटलं तर तिला औषध वाटेल. तिला एवढंच दिसत होतं की नात पट्टीच्या त्या बाजूला आहे आणि माती पट्टीवरून जाते.

पण मला कळतं. मी तुमची सगळी माहितीपत्रकं वाचलीत, दुसरं काय करणार इथे. सहाव्या वर्षी येणारी दाढ, कायमची, आयुष्यभर टिकणारी, ती आत्ता जुईच्या हिरडीत घडतेय. रोज एक पापुद्रा. मी हात मागे घेतला.

तेव्हापासून आई दर खेपेला भातुकली आणते. दुपारी थांबाघरात सगळे पेंगतात. पंखा फिरतो, दारातून खारं वारं येतं, आणि जुई पट्टीवर बसून रांजणाचा काठ चघळते. तिचे डोळे मिटतात. ती काय बघते मला माहीत आहे: गाळ, म्हशी, निळा धूर. तिनं सोनगिरे कधी पाहिलेलं नाही. परवा मात्र तिनं तावडेला बोट धरून पट्टीपाशी आणलं, खाली बसवलं आणि त्याच्या तळहातावर मडक्याचा तुकडा ठेवला. न बोलता. माझी आई दारात आलेल्या बायकांच्या हातावर ठेवायची तसा. तावडेनं इकडेतिकडे बघितलं आणि तोंडात टाकला.

तर ऐका. मी पहिल्या वाटेवर सही करणार नाही. दुसऱ्या वाटेनं पोर देशाविना ठेवणार नाही. मी इथेच बसेन आणि ती इथेच खाईल. चार वर्षांनी तिची दाढ येईल, आणि तुम्हाला ती वाचावीच लागेल, कारण दाताखेरीज तुमचा कशावर विश्वासच उरलेला नाही. तुमचं यंत्र शपथेवर सांगेल की ही मुलगी ही सगळी वर्षं कोयनेच्या खोऱ्यात राहिली. आणि तुमचा पहारा, तुमचे कॅमेरे, तुमची हजेरी सांगेल की ती एक दिवसही या पट्टीपलीकडे गेलेली नाही. तुमच्याच डोळ्यांसमोर होती.

तेव्हा दोघांतलं खोटं कोण? तुमचा दात की तुमची पट्टी?

दाढ येईपर्यंत थांबू नका. आत्ता सांगा. शिक्का नको, नाव घालून सांगा.